सातवं भोक

माझा धाकटा भाऊ खडकीला एका कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या कोपऱ्यात, एक छोटं ड्रिल मशीन मांडलं. भोक आरपार गेलं म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्याशी तो पुढे बोलत नसे. भोक गोल हवं. पातळ पत्रा नुसता हाताने धरला तर भोक तिकोनी होतं. म्हणून पत्र्याखाली लाकूड घालून क्लॅम्पने घट्ट आवळायचं, पंचने खूण करायची, आधी बारीक ड्रिल, मग जाड.

त्या दिवशी तो माझ्या घड्याळासाठी ॲल्युमिनियमच्या तबकडीला बारा भोकं पाडत होता. मी शेजारी उभी होते.

"ताई, ओढणी खोच आधी. मशीनला नातीगोती कळत नाहीत."

मी निमूट खोचली. त्याच्या उजव्या मनगटावर मात्र मी आठ दिवसांपूर्वी बांधलेली राखी होती. आदल्या वर्षीची त्याने दोन दिवसांत काढली, म्हणून मी आठवडाभर अबोला धरला होता. राखी आपणहून गळून पडेपर्यंत काढायची नसते, हे आमच्याकडे मीच सांगत आले. यंदा मंडईजवळून मुद्दाम लांब गोंड्याची, पक्क्या रेशमी दोऱ्याची आणली. आता तो गोंडा फिरत्या ड्रिलपासून चार बोटांवर हलत होता. मला भीती वाटत होती.

"ती राखी..." मी म्हणाले.

"काढू? मग पुन्हा तोंड फुगवशील."

काढ, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "राहू दे. जपून कर."

खरं सांगायचं तर, त्याने ती ठेवली याचं मला बरं वाटलं होतं.

सहा भोकं सुरेख आली. सातव्याला पत्र्याचा वळलेला कीस ड्रिलभोवती गुंडाळला गेला. मशीन बंद न करताच तो झटकायला त्याने उजवा हात पुढे केला आणि गोंडा अडकला. दोरा तुटला नाही. मी बटण बंद करेपर्यंत उशीर झाला होता.

दोन बोटं गेली, अंगठा राहिला पण वळत नाही. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचा मला अजून राग येतो.

पुढच्या राखीपौर्णिमेला मी त्याला नुसतं ओवाळलं. राखी आणलीच नव्हती.

"राखी कुठंय?" त्याने विचारलं, आणि डावा हात पुढे केला.