भुऱ्याची झूल

बोलायला लागण्याआधी शेजारचे भाऊ कमरेची सुतळी सोडायचे. समोर बैल असो, दार असो की माणूस, सुतळी लावायची, माप जिथे संपेल तिथे गाठ मारायची आणि मग म्हणायचं, "हां, बोला आता." आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या छत्रीचं माप घेतलं. कशाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. समुद्रपूरकडच्या एका लहान गावात मी शाळेत मास्तरीण होते आणि माझ्या खोलीची भिंत त्यांच्या घराला लागून होती. पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या ओसरीवर खिळ्यांना पन्नासेक सुतळ्या लोंबत असत. एकेक सुतळी म्हणजे एकेक बैल. कुठेही नाव नाही, खूण नाही, पण त्यांना विचारा. "हा पाटलाचा ढवळ्या. औंदा दोन बोटं सुटला."

मी त्यांना भाऊ म्हणत असे. टेप त्यांनी जन्मात वापरली नाही. मी वर्ध्याहून मुद्दाम आणून दिली, तर तिनं त्यांनी दाराची कडी बांधली.

त्यांची लेक सिंधू. लहानपणी तापात तिचा उजवा पाय बारीक झाला होता. दर दिवाळीच्या सुटीत भाऊ, वहिनी, सिंधू आणि त्यांचा कुत्रा भुऱ्या गावामागची टेकडी चढत. वरून गिरडचा दर्गा दिसतो, त्याचं साऱ्यांना भारी कौतुक. सिंधू अर्थातच बापाच्या पाठीवर. पण नवव्या वर्षी तिनं ओसरीत बसकण मारून जाहीर केलं, "मी नाई येत पाठीवर. मले पोट्टे हासते. माह्या पायानं चढीन, नाई तं घरीच राहीन."

"हात धर मंग माहा," भाऊ म्हणाले.

"हात धरला म्हंजे पाठीवरच झालं ना!"

पोरगी बापासारखीच हट्टी. ती फक्त भुऱ्याचा आधार घ्यायला तयार होती, आणि भुऱ्याला तर हळू चालणं ठाऊकच नव्हतं. त्याच्या मानेला धरून ती निघाली की तो खार बघून सुसाट, आणि ही दोन्ही गुडघे फोडून मातीत. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी भुऱ्याला सुतळी लावली.

"कुत्र्याले झूल?" अख्खं गाव हसलं. भाऊ म्हणाले, "भाकरी नेईन तो. दोन्हीकून खिसे करतो. आमचे हात मोकळे." पण हात सवयीचा गुलाम. त्यांनी शिवली ती थेट बैलाची झूल, घुंगरांसकट, शेपटीखालच्या पट्ट्यासकट! पट्टा शेपटीला लागताच भुऱ्यानं जी धूम ठोकली, ती छुमछुम करत माझ्या खाटेखाली. संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. शेजारच्या म्हातारीनं घुंगरं ऐकून बैल आला समजून भाकरतुकडा आणला होता. तो शेवटी त्यालाच मिळाला.

मग दुरुस्ती झाली. शेपटीचा पट्टा गेला, छातीवरचा आला. खाली दोन बोटं सहज शिरतील इतका सैल. घुंगरं गेली. दोन्ही बाजूंना जाड दुसुती कापडाचे खिसे, आणि वर पाठीवर सुताच्या दोराची एक भक्कम कडी.

"ही कायले?" वहिनींनी विचारलं.

"दोर उरला होता," भाऊ म्हणाले.

मग रोज संध्याकाळी विहिरीभोवती भुऱ्याची कवायत. भाऊ आधी मातीतल्या सिंधूच्या दोन पावलांमध्ये सुतळी लावत, मग कडी धरून त्याच्याबरोबर चालत, आणि चक्क लंगडत. "काटा रुतला का, भाऊ?" मी विचारलं. "नाई बाई. चाल पाहून राह्यलो." मला काही उमगलं नाही. मुलांना गणित शिकवणारी मी!

टेकडीच्या दिवशी मीही गेले. काय सांगू तुम्हाला, तशी सकाळ पुन्हा आली नाही! पुढे भुऱ्या, मान ताठ, दोन्ही खिसे फुगलेले, गावाचं टपाल आपल्याच पाठीवर असल्याचा तोरा. त्याच्या कडीला धरून सिंधू. एक पाऊल, मग दुसरं. खार आडवी गेली. भुऱ्यानं कान उभारले, खिसे हलले, आणि स्वारी विचार बदलून पुन्हा संथ चालू लागली. सिंधू पडली नाही! भाऊ दहा पावलं मागे. दोन्ही हात पुढे धरलेले, तोंडानं मात्र "घाई नको करू, बाई दमल्या" म्हणून माझ्या नावावर थांबे घेत. मी खरंच दमले होते, ते सोडा.

शेवटच्या खडकावर ती चढली आणि ओरडली, "दिसला! बाबा, दर्गा दिसला! मीच पयले पायला!" भुऱ्या भुंकला, वहिनी हसता हसता रडल्या. मीसुद्धा मास्तरकी विसरून टाळ्या पिटत होते. भाऊ सुतळी काढून दर्ग्याकडे धरून माप घेत राहिले.

जेवायला खिसे मीच उघडले. भाकऱ्या काढल्या, ठेचा काढला, आणि खाली फडक्यात गुंडाळलेला एक गोटा हाताला लागला. दुसऱ्या खिशातही तसाच. मी तोंड उघडणार, तर भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हलका असला का पळते," ते हळूच म्हणाले. "जास्त नाई घातले. चालाले त्रास नाई, पळाले कंटाळा येते. पोरीले सांगू नका, बाई."

माझी बदली झाली. बारा वर्षांनी दिवाळीत मी पुन्हा गेले. भुऱ्या नव्हता. भाऊंना धाप लागायची, तरी टेकडी चुकवायची नव्हती. सिंधू आता बालवाडी चालवत होती. तिनं मोठी थैली खांद्यावर घेतली आणि दर वीस पावलांवर खाली टेकवली. "थांबा बाबा, लय जड आहे." भाऊ मजेत टेकत, श्वास घेत आणि मला म्हणत, "पाहा, आजकालच्या पोरीत दमच नाई."

वर पोचल्यावर मी थैली उचलली. आत चार भाकरी आणि एक चादर. मी सिंधूकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"मले तवाच माहीत होतं, बाई," ती नंतर म्हणाली. "भुऱ्याची झूल मीच सोडत होती ना घरी."

पुढच्या पोळ्याला भाऊ नव्हते. मी भेटायला गेले, तेव्हा आपापल्या बैलांच्या सुतळ्या लोक आठवण म्हणून घेऊन गेले होते. खिळ्यावर एकच उरली होती, आखूड, एका गाठीची. हा कुठला बैल, मी विचारलं. सिंधूनं ती काढली, ओसरीवर सरळ पसरली आणि तिच्या टोकापासून उजवं पाऊल पुढे टाकलं.

गाठ वीतभर मागे राहिली.