येताना घाट माझा

"छे गं मम्मी, ती कशाला चालवेल? तिला मागेच बरं वाटतं."

हे मला माझ्या हेल्मेटच्या आत ऐकू आलं. आम्ही शहाडच्या पुलावर एका ट्रकमागे अडकलो होतो आणि माझी मैत्रीण, माझ्या पुढ्यात मोटारसायकलवर बसून, तिच्या मम्मीशी फोनवर बोलत होती. चालत्या गाडीवर एकमेकींशी बोलता यावं म्हणून हेल्मेटमध्ये बसवायचं यंत्र आम्ही या ट्रिपसाठी मुद्दाम घेतलेलं. फोन आला की मागे बसलेल्याला ऐकू येणं आपोआप बंद होतं, असं खोक्यावर छापलं होतं. छापलेल्या गोष्टीवर मैत्रिणीचा फार विश्वास.

फोन संपल्यावर ती म्हणाली, "मम्मी होती. तुला हाय सांगितलंय."

"हां," मी म्हणाले.

डोंबिवली ते वेरूळ आणि परत, असा बेत होता. सप्टेंबर चालू होता. गाडी तिची, जुनी आणि जड. मला चालवायला शिकवलं तेही तिनेच, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर, सकाळी फिरायला येणाऱ्या काका लोकांच्या देखरेखीखाली. त्यातल्या एका काकांनी माझा क्लच इतका मनाला लावून घेतलेला की "बाळा, हळू सोड, हळू" एवढं म्हणायला ते रोज रस्ता ओलांडून यायचे. लायसन्सच्या परीक्षेत मी आठचा आकडा पाय न टेकवता काढला. त्या दिवशी मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त खूश होती. तिनेच जाहीर केलं: माळशेज घाट जाताना माझा, येताना तुझा. सपाट रस्ता काय, वाटून घेऊ.

मी त्या घाटासाठी निघालेले. घरी वेरूळ सांगितलं होतं, कारण आईला ते पटण्यासारखं होतं. बुद्धाच्या लेण्यात लावायला म्हणून तिने दोन मेणबत्त्यासुद्धा दिल्या, तिथे लावू देतात का हे न विचारता. मला मात्र रात्री झोपताना घाटातली वळणंच दिसायची. दुसरा गिअर, ब्रेकवर दोन बोटं, नजर वळणाच्या पलीकडे.

आता शहाडच्या पुलावरच मी म्हणू शकले असते, की अगं, मला ऐकू येतंय. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बोलायचं असलं की हात वर करायचा आणि टीचरचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं, अशी पद्धत होती. शाळा संपली, माझं थांबणं चालू आहे. आणि मोटारसायकलवर मागे बसून हात वर केला तर मागचा टेम्पोवाला वेग कमी करतो, बाकी काही होत नाही. हे मला लवकरच कळलं, कारण गाडीचा उजवा इंडिकेटर मनात आलं तरच लागायचा. वळायचं असलं की हेल्मेटमधून हुकूम यायचा, "हात दाखव." मी दाखवायचे. सगळ्या प्रवासात माझ्याकडे हेच एक खातं होतं.

मुरबाडपर्यंत ऊन भाजून काढत होतं. "या उन्हात तू नको चालवू, चक्कर येईल," ती म्हणाली. मागच्या सीटवर वेगळं ऊन पडत असावं. सरळगाव सोडलं आणि पाऊस आला. "ओला रस्ता आहे यार, आत्ता रिस्क नको." घाटात धुकं इतकं, की समोरच्या एसटीचा फक्त हॉर्न दिसत होता, म्हणजे ऐकू येत होता. पण तो घाट तिचाच होता, तिथे माझं काही म्हणणं नव्हतं. आळेफाट्याच्या पुढे आभाळ मोकळं झालं आणि आडवा वारा सुटला. "तू हलकी आहेस, उडशील," ती म्हणाली. वजन माझंच जास्त आहे. हे सांगण्यासारखं नसतं, म्हणून मी नाही सांगितलं.

वेरूळला मेणबत्त्या लावू दिल्या नाहीत. मी नुसती बुद्धासमोर उभी राहिले. बाहेर येताना मैत्रीण म्हणाली, "आपलं किती पटतं ना! बाकीच्या मुलींबरोबर निघालं की नुसती किटकिट." मी हसले. आमचं पटायचं सगळं काम मी एकटी करत होते, पण ते चांगलं चाललं होतं.

परतीच्या दिवशी ऊन, पाऊस, धुकं, वारा, काहीच नव्हतं. पातळ ढग आणि अंगाला गार वाटेल अशी हवा. मी ओतूरला हातमोजे चढवून तयार झाले. "अशी हवा रोज मिळत नाही," मैत्रीण म्हणाली आणि किल्ली फिरवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाईट हवेत मी चालवणं धोक्याचं होतं आणि चांगल्या हवेत वाया घालवणं होतं.

घाटाच्या माथ्यावर ती कणसाच्या गाडीपाशी थांबली. खाली दरी धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ दिसत होती. रस्ता कोरडा होता. कणसाला लिंबू चोळून घेत ती म्हणाली, "किती क्लिअर आहे बघ! ऐक, मी उतरवते, तू मागून व्हिडिओ काढ. तुझा हात स्टेडी असतो."

"पण..."

"पण काय?"

"काही नाही."

हा घाट उतरला की पुढे डोंबिवलीपर्यंत नुसता सपाट रस्ता आणि ट्रक होते. मी हातमोजे काढायला लागले. एक काढला, तेवढ्यात हँडलला लावलेला तिचा फोन वाजला.

"मम्मी असेल. माझे हात तिखट झालेत, तू उचल ना. स्पीकरवर टाक."

मी बटण दाबलं.

"घाट आला का गं?" काकूंचा आवाज दरीभर झाला. "दोन दिवस एकटीच चालवतेयस, दमली असशील. तिला दे की थोडी. लायसन्स आहे ना तिचं?"

मैत्रिणीच्या तोंडात कणीस होतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि कणीस धरलेल्या हाताने मागच्या सीटकडे खूण केली. म्हणजे, सांग तिला, मला मागेच बरं वाटतं म्हणून.

कणीसवाल्या बाई पंखा हलवायच्या थांबून बघत होत्या. मी काढलेला हातमोजा परत घातला.

"काकू, मी बोलतेय," मी म्हणाले. "घाट मी उतरवणार आहे. ती मागे बसेल आणि वळताना हात दाखवेल."