सकाळची तिन्हीसांज

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि माझ्यासाठी स्थळं बघणंही. माझा पहिला फोटो गिरगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. तिथल्या फोटोवाल्या काकांनी तोंडाला पावडर फासली, समोर दोन भगभगीत दिवे लावले आणि मला गोरं करून टाकलं. मुलाकडचे लालबागला आमच्या खोलीवर आले, चहा प्यायले आणि मुलाची आत्या मलाच विचारते, "फोटोतली मुलगी कुठे आहे?"

माझं डोकंच फिरलं. मी सावळी आहे, चोर नाही!

आईला सांगितलं, आता दुसरा फोटो काढायचा, पण माझा. उन्हं तिरपी झाली की चाळीच्या गच्चीवर, हातातल्या आरशात मला माझा चेहरा आवडायचा. पण त्या दिवसांत संध्याकाळी संचारबंदी. म्हटलं, सरकारने संध्याकाळ बंद केली ना, मग आपण ती सकाळी स्टुडिओत करू.

आईने कपाळाला हात लावला. "तिन्हीसांजेचो फोटो कोण धाडता गो स्थळाक?"

"तिन्हीसांज कुठाय? सकाळच आहे की," मी म्हटलं.

दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला केशरी कागद मी सोबत नेला. काका हसले. "अगं, काळ्यापांढऱ्या फोटोत केशरी दिसणार कसा?"

"नाही दिसला तरी चालेल. उजेड मऊ होऊ दे."

समोरचे दिवे विझवायला लावले. एकच दिवा बाजूला, खाली ठेवला, त्याच्यापुढे हातभर अंतरावर कागद धरला. दुसरा गाल अगदीच अंधारात जाऊ नये म्हणून पलीकडे पांढरी चादर टांगली. काकांनी सवयीने पावडरीचा डबा पुढे केला, तशी मी तोंड फिरवलं, ते नेमकं दिव्याकडे.

"अश्शीच राहा!" म्हणत काका काळ्या कापडाखाली घुसले.

पुढे काका त्या काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग चढवत होते, तेव्हाही मी गाल गुलाबी करू दिले नाहीत. कंदिलाचाच रंग लावून घेतला.

तो फोटो पाहून दुसरे पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटो खिडकीशी नेऊन निरखला. "मुलगी सावळी आहे, की फोटोच काळा आलाय?"

"मी सावळी आहे," मी म्हटलं. "फोटो चांगला आलाय."

ते स्थळ अर्थातच गेलं. आई जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेली. मला वाटलं, माफी मागायला. तिने त्यांच्याकडून फोटो परत घेतला, पदराने पुसला, आणि पुढच्या स्थळाला तोच धाडला.