ध्वनी, माझे दीर

स्टुडिओत त्यांना सगळे बटणराव म्हणत. काचेपलीकडे कुणीही बोलायला बसो, यांचं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीवर. बायको मुलांच्या गोष्टी वाचायची, तेव्हा तर ती कधी कुजबुजणार नि कधी ओरडणार, हे तिच्याआधी यांच्या बोटाला कळायचं. या एका गोष्टीचा त्यांना केवढा तोरा!

मग धाकट्या भावाच्या डोक्यात आलं, वहिनीला स्टुडिओच्या खेपा कशाला? मधल्या खोलीत त्याने भिंतींना गाद्या टेकवल्या, घरघर करणारा कॉम्प्युटरचा डबा दाराबाहेर ठेवला, माइकची वायर फटीतून आत नेली आणि बाहेरच टेबलावर फेडरची पाटी मांडली. गोष्टीतली मुलगी विहिरीत वाकून हाक मारते, तिथे त्याने एकदाच हाताने घुमारा वाढवला आणि उतरवला. पुन्हा गोष्ट लावली, तर फेडर आपला आपण वर गेला, विहीर घुमली, आणि तो निमूट खाली आला.

"अगंबाई! भावजी, आता दर वेळी असंच होणार?" बायको टाळ्या पिटायचीच बाकी होती.

"दर वेळी, वहिनी. एकदा शिकवलं की विसरत नाही."

बटणरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र विसरत नाही, म्हणजे आपण विसरतो की काय? "जरा जास्तच घुमतंय," एवढं बोलून ते बाहेर पडले.

कहर झाला तो गोष्ट पुरी झाल्यावर. शेवटी कुणी काय काम केलं ती नावं सांगताना बायकोने स्वच्छ आवाजात वाचलं, "ध्वनी, माझे दीर." इतकी वर्षं हात कुणाचा होता? स्वतःच्या बायकोचा आवाज आपल्या हातून सख्ख्या भावाच्या हाती गेला, आणि घरात कुणाला त्याचं काही नाही! त्यांना घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं पाहून बटणरावांनी गोष्ट लावली. "ध्वनी" आलं आणि त्यांनी फेडर खाली ओढला. दीर गायब. काय बरं वाटलं! फेडरवरचं बोट न उचलताच पुन्हा लावलं, पुन्हा ओढला. जीव निवेपर्यंत हा खेळ चालला. त्यांचा जन्म ज्या फेडरांवर गेला, ते हात काढला की सगळं विसरायचे. धाकट्याने शिकवायचं बटण चालूच ठेवलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी, गोष्टी रेकॉर्ड करून मागवणाऱ्या बाई ऐकायला आल्या. विहीर घुमली, बाई खूश. आणि शेवटच्या वाक्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फेडर खाली. "ध्वनी"नंतर चिडीचूप.

"बिघडलं की काय?" धाकट्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

बायको फेडरकडे बघत राहिली. तो धाडकन पडत नव्हता. शब्द नीट संपू देऊन मग अलगद उतरत होता. रागातसुद्धा शब्द न तोडणारा हात तिच्या ओळखीचा एकच होता.

"बिघडलं नाही भावजी. तुमच्या दादांचा हात आहे हा."

बटणरावांना तोंड कुठे लपवू असं झालं. "अगं, मी आपलं सहज..."

"सहज? आत जाऊन बसा. पुसलंत तुम्ही, आता म्हणायचंही तुम्हीच."

जन्मात माइकसमोर न बसलेला माणूस गाद्यांमध्ये जाऊन बसला. बाहेर फेडरवर बायको.

"ध्वनी... माझा धाकटा भाऊ." ते पुटपुटले.

"अहो, ऐकू नाही आलं," हेडफोनमध्ये बायको म्हणाली.

कानाच्या पाळ्या तापल्या. पोटात अजून दुखतच होतं, त्यात काही फरक नव्हता. "ध्वनी, माझा धाकटा भाऊ!"

"दादा, खरंच ठेवू हे?" धाकट्याने हळूच विचारलं.

"ठेव ना रे! काम चोख केलंयस, म्हणून तर जळतोय ना मी!" बटणराव खेकसले, आणि तेही रेकॉर्ड झालं.

धाकटा ते कापायला निघाला. बायकोने कापू दिलं नाही.