बादलीच्या तळाचं मिश्रण

बाबांना भोसरीच्या वर्कशॉपमधून काढलं तेव्हा मी अकरावीत होते. पत्र्याला रबर चिकटवायचं त्यांचं काम. जोड सुटतात, माल परत येतो, एवढंच कारण सांगितलं. गोंद घट्ट व्हायला त्यात मिसळायच्या हार्डनरने त्यांची बोटं इतकी चिरली होती की आमटीभातही चमच्याने खायचे. पुन्हा कुणी कामाला ठेवलं नाही. दापोडीच्या आमच्या एका खोलीत ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि आई चार घरची धुणीभांडी करायची. त्यातच मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगायला मला लाजबिज वाटत नाही.

चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागले, तर दुसऱ्याच महिन्यात तीच तक्रार. पत्र्याला चिकटवलेले ब्रॅकेट सुटतायत. चिकटवणारे मामा बाबांच्याच वयाचे, लातूरकडचे, कंत्राटावर. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, म्हातारा सोमवारपासून नको. हात थकलाय त्याचा."

"दोन दिवस थांबा," मी म्हटलं.

"थांबतो की. कॉलेजवाल्यांना दोन दिवसांत सगळं कळतं."

मी स्टूल ओढून मामांजवळ बसले. "माप कसं घेता?"

"एक गिलास काळं, अर्धा गिलास पांढरं. डब्यावरच लिवलंय की, दोनास एक."

लिहिलं होतं खरं, पण वजनाने. काळं रेझिन जड, पांढरा हार्डनर हलका. अर्ध्या ग्लासात तो कमीच पडायचा आणि जोड कच्चा राहायचा. त्यात मामा सारखं उठायला नको म्हणून सकाळीच अर्धी बादली कालवायचे. थोड्या वेळात बादली हाताला गरम लागायची, आतलं घट्ट होत जायचं, आणि घट्ट झालेलं पकड धरत नाही. तरी तळ खरवडून ते शेवटच्या ब्रॅकेटांना लावायचे.

"हे टाकत का नाही?"

"वाया घालवलं म्हणून मागच्या जागी आईवरून शिव्या खाल्ल्यात, ताई. टाकायचा धीर व्हत न्हाई."

घरी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मीबी तळ खरवडायचो. मला कुणी सांगितलंच न्हाई, पोरी." आणि कूस बदलली. शिकल्याचा मला त्या संध्याकाळी काडीचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधला वजनकाटा उचलून लाइनवर नेला. कागदी कप ठेवून काटा शून्यावर आणायचा, आधी काळं, मग त्याच कपात त्याच्या निम्म्या वजनाचं पांढरं. पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. कडेचं, तळाचं ओढून घेत एकही पांढरी रेघ उरणार नाही इतकं ढवळायचं. कपावर वेळ लिहायची. वेळ टळली की उरलंसुरलं टाकून द्यायचं. मामांना हातमोजेही दिले.

"सोनाराचं दुकान काढलं व्हय?" मामा म्हणाले. पण एक थेंबही इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्यांनी.

चोवीस तासांनी ब्रॅकेट ओढून पाहिले. पत्रा वाकला, जोड हलला नाही. दिवसभराची नासाडी मिळून कपभरही नव्हती. सुपरवायझर नुसतं "ठीक आहे" म्हणाला आणि निघून गेला.

सोमवारी मामा कामावर आले. आता आमच्या लाइनवर सगळेच वजन करून मिसळतात, आणि जोड सुटला म्हणून त्यानंतर कुणालाही घरी पाठवलेलं नाही.