आधी मेंढरं

बहात्तरचा दुष्काळ सरला, हिपरग्याचं तळं पुन्हा भरलं. एका रविवारी मी काठच्या बाभळीतून रमतगमत निघालो होतो. वाटेत एक म्हातारा धनगर सोबतीला आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागे एकही मेंढरू नाही. तरी दर वळणावर तो थांबून मागं बघायचा.

“मेंढरं कुठायत?” मी विचारलं.

“दुष्काळात गेली की समदी.”

तळ्याशी पोचल्यावर मी फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्याला देऊ केलं.

“थांबा की. मेंढरं प्याल्याबिगर आमी पीत न्हाय.”

त्यानं काठावर जाऊन कळपाला घालतात तशी हाळी घातली आणि पाण्याकडं बघत उभा राहिला. सगळा कळप पिऊन होईल, एवढा वेळ गेला. मग त्यानं माझ्यापुढं ओंजळ धरली.