इन्चार्ज बाईंचा रिपोर्ट

आमच्या इन्चार्ज बाई ड्यूटी बदलताना चारचौघांत विचारायच्या, "लघवीला कधी गेलतीस?" पेशंटला नव्हे, आम्हा सिस्टरांना! नोकरीत नवी असताना मी लाजेनं मान खाली घातली होती. बाईंना त्याचं काही नव्हतं. आधी खाटांवरच्या पेशंटांचा रिपोर्ट, मग तो देणारीचा स्वतःचा, ही त्यांची पद्धत. जेवलीस का, पाणी पिलीस का, कुणाचा राग आलाय का. "ठीक आहे" हे उत्तर चालायचं नाही. "ठीक म्हंजी काय? पेशंटनं आसं सांगितलं तर लिहितीस का?"

या चौकशीचा अर्थ कळला तो दुष्काळात. त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळे सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. आमच्या छोट्या दवाखान्याचा बोअर आटला, आणि नेमकी तेव्हाच गॅस्ट्रोची साथ आली. खाटा पुरेनात म्हणून व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या.

बाई तडक कारखान्यावर गेल्या. संचालक मंडळातल्या निम्म्या घरांतली बाळंतपणं त्यांच्या हातची, त्यामुळे त्यांच्यापुढे चेअरमनसाहेबांचाही आवाज खाली यायचा. येताना त्या कारखान्याच्या टँकरमध्येच, ड्रायव्हरशेजारी बसून आल्या.

तरी पाणी कमीच पडायचं. मग आम्ही शहाण्यांनी काय करावं? पेशंटांसाठी पाणी वाचवायचं म्हणून ड्यूटीवर पाणी पिणंच सोडलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, बाईंनी विचारलं की सगळ्या बिनदिक्कत खोटं बोलायच्या. शेवटी आमच्यातली शाहीन सलाईनची बाटली हातात घेऊनच खाली कोसळली.

"लई पुण्य कमवायला निघाल्यात! आता हिला खाट कुठून देऊ?" बाई कडाडल्या. शुद्धीवर आलेली शाहीन रडायला लागली. "मला न्हाई जमायचं बाई. मी राजीनामा देते."

"दे की. पण आदी पाणी पी, भाकर खा, घरी जाऊन झोप. उपाशीपोटी लिहिलेला राजीनामा मी घेत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाहीन वेळेवर हजर झाली. राजीनाम्याचं कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून टँकर आला की पहिला हंडा सिस्टरांच्या माठात पडायचा. नातेवाईक कुरकुरले, तर बाई म्हणायच्या, "ह्या पडल्या तर तुमच्या लेकराची सलाईन कोण बघंल?"

मग एक तान्हं मूल आलं. डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नाही. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलेली. बाई त्या खाटेपाशी बसल्या त्या रात्रभर हलेचनात. सकाळी ड्यूटी बदलताना त्यांनी सगळ्यांची चौकशी केली आणि पुन्हा बाळाकडे वळल्या. तेव्हा शाहीन म्हणाली, "बाई, तुमचा रिपोर्ट राहिला."

"मला काय धाड भरलीय?"

"ओठ बघा तुमचे. पाणी पिलात का?"

 बाई स्टुलावर बसत हळूच म्हणाल्या, "न्हाई गं. हे लेकरू हातचं जातंय का काय, म्हणून लई भ्याले."

बाई भितात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खरं सांगते, मला धीर आला. भिऊनही काम करता येतं तर मग आपल्यालाही येईल, असं वाटलं. शाहीननं त्यांना पाण्याचा तांब्या दिला, दंडाला धरून उठवलं आणि क्वार्टरवर झोपायला धाडलं. बाईंना दंडाला धरणारी माणसं जिल्ह्यात फार नसतील.

आम्ही पाळीपाळीनं बाळापाशी बसलो. दुपारी त्यानं शू करून दुपटं ओलं केलं, म्हणजे अंगात पाणी टिकायला लागलं. गॅस्ट्रोच्या वॉर्डात याहून मोठी आनंदाची बातमी नसते. त्याची आई तर ओलं दुपटं सोडेचना. कुणीतरी बाईंना सांगायला पळणार, तर शाहीननं दारातच अडवलं. "झोपू दे त्यांना."

संध्याकाळी बाई विस्कटलेल्या केसांनी धावत आल्या. बाळ आईच्या कुशीत दूध पीत होतं. "मला कावून उठवलं न्हाई?"

"गरज न्हाई पडली, बाई," शाहीन म्हणाली.

आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. बाईंनी एकेकीकडे नीट पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता माझी बदली झाली तरी चालंल."

पुढच्या वर्षी झालीच. स्टँडवर आम्ही सगळ्या हमसून रडत होतो. बाईंनी खिडकीपाशी जागा धरली, सामान पायाशी ठेवलं आणि एस.टी. सुटण्याआधीच गाढ झोपल्या. आमच्यातल्या एकीनंही त्यांना हाक मारली नाही.